बिनपावसाची छत्री

"गोदू, दिवेलागण चुकवू नकोस हं. आपण राहायला जाईपर्यंत घर अंधारात ठेवायचं नाही. नवं घर तान्ह्या मुलासारखं असतं... एकटं पडलं की भितं."

अण्णांना जाऊन कितीतरी दिवस झाले, तरी हा आवाज गोदावरीच्या कानातून गेला नव्हता. संध्याकाळी मिलचा भोंगा झाला, आई तुळशीपाशी येऊन बसली, की तो हळूच यायचा आणि गोदावरी हातातलं काम टाकून तेलाची बुधली नि काडेपेटी घेऊन निघायची. दुपारनंतर ती तोंडात पाण्याशिवाय काही घालत नसे. आधी दिवा, मग घास. हा नेम तिला कुणी घालून दिला नव्हता, तिनंच धरला होता.

अण्णा मराठी शाळेत मास्तर होते. त्यांचा सगळा संसार शुक्रवार पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत गेला. नळावर भांडणं, जिन्यात शेजाऱ्यांची सरपणाची मोळी, आणि आईची तुळस गच्चीच्या कोपऱ्यात रॉकेलच्या डब्यात. "तुला दगडी वृंदावन बांधून देईन," असं अण्णा आईला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आले होते. आई ऐकायची नि डब्याला पाणी घालायची. शेवटी अण्णांनी खरंच बांधलं. अक्कलकोटच्या रस्त्याकडे, जिथं वस्ती विरळ होत जाते आणि पुढं नुसता माळ दिसतो, तिथं तीन खणांचं घर उभं राहिलं. वर मातीचं सपाट माळवद, दाराशेजारी दिव्याची देवळी, आणि अंगणात वृंदावन. वैशाखातला मुहूर्त धरला होता. फाल्गुनात अण्णांना ताप आला तो त्यांना घेऊनच गेला.

आता वर्षभर घरात मंगलकार्य नाही. वास्तुशांत नाही, म्हणून गृहप्रवेश नाही. नवं घर कडी लावून उभं राहिलं, आणि आई नि लेक जुन्या खोल्यांत बसून राहिल्या. वृंदावनात नुसती माती होती.

आषाढातली संध्याकाळ. आभाळ रोज भरून यायचं आणि न बरसताच पुढं सरकायचं. सोलापूरचंच आभाळ ते. वाऱ्याला मात्र कसलीच काटकसर नव्हती. गोदावरीनं देवळीत पणती ठेवली, काडी ओढली... विझली. पदराचा आडोसा केला, दुसरी ओढली. तीही गेली. तिचे डोळे भरून आले. वाऱ्यानं की कशानं, कोण जाणे.

"अक्का, जरा थांबता का?"

फाटकाशी एक तरुण उभा होता. काळी टोपी, धोतराचा सोगा कोटाच्या खिशात खोवलेला, काखेत लांब दांड्याची छत्री. गोदावरीनं शेजारी पाहिलं. शेजारच्या झोपडीवजा घरापुढं काशम्मा रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. काशम्मा विणकराची विधवा, तेलुगू बोलणारी. तिच्या जिवावरच तर आई गोदावरीला इकडं एकटी पाठवायची.

"येऊ दे की त्याला," काशम्मा रहाट न थांबवता म्हणाली. "मी बघायलेय."

तो आत आला, छत्री उघडली आणि वाऱ्याच्या तोंडाला आडवी धरली. गोदावरीनं काडी ओढली. ज्योत थरथरली, वाकली... आणि मग सरळ उभी राहिली.

"पावसासाठी आणली होती," तो म्हणाला. "पाऊस काही येईना. म्हटलं, बिचारीला निदान वाऱ्यापुरतं तरी काम मिळू दे."

"वारा भितो वाटतं तुमच्या छत्रीला?"

"छत्रीला कशाला भितोय! अक्कलकोटच्या माणसाला भितो. आम्ही हट्टी असतो की."

गोदावरीच्या ओठांवर हसू आलं, आणि तिचं तिलाच चमकायला झालं. अण्णांनंतर ती हसली नव्हती. तिनं घाईनं हात जोडले, शुभंकरोती म्हटलं, आणि डोळे उघडले तेव्हा तो फाटकाबाहेर पोचलाही होता.

दुसऱ्या दिवशी तो परत दिसला. तिसऱ्याही. नाव कमलाकर. कचेरीत कारकून, एवढंच त्यानं सांगितलं. आई लहानपणीच गेलेली, वडील अक्कलकोटला.

"रोज याच वाटेनं जाता?" तिनं एकदा ज्योतीकडे पाहत विचारलं.

"खोली पुढंच आहे. जाताना वाट हीच."

"मग छत्री बरी रोज आठवणीनं आणता... आभाळ कोरडं असलं तरी?"

"आभाळाचा काय भरवसा," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "आणि तुमच्या काडेपेटीचा तर मुळीच नाही."

तो गेल्यावर काशम्मानं रहाट थांबवला. "पिल्ला, इकडं बघ." पोरीबाळींना ती तिच्या भाषेत 'पिल्ला'च म्हणायची. "पयल्या दिवशी तू त्याची अक्का होतीस. मग नुसतं 'अहो' झालं. आन् आज तर 'अहो' बी गळालं!"

"काशम्मा, गप ग!"

"मी गपच हाय. माझा रहाट बोलायलाय."

गोदावरी मान खाली घालून चालू लागली. वाटेत तिनं मनातल्या मनात ग्रामदैवताची, सिद्धरामाची क्षमा मागितली. दिवा अण्णांसाठी लावायचा, आणि मन मात्र फाटकाच्या कडीकडे... हे बरं नव्हे. सोमवारी तिनं उपवास कडक केला. मंगळवारी कडी वाजली, आणि सगळा कडकपणा विरघळला.

श्रावण लागता लागता चिंतामणकाका एक कागद घेऊन आले. अण्णांचे धाकटे भाऊ ते, कापडाच्या दुकानात जमाखर्च लिहायचे. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या चार पोरांच्या ओझ्यानं वाकलेला होता.

"वहिनी, नव्या घराची घरपट्टी बसली. सबंध वर्षाची. कागदावर 'राहतं घर' असं लिहिलंय."

"राहतं?" आई म्हणाली. "तिथं कोण राहतंय?"

"ते मला नका विचारू. रिकाम्या घराला सूट असते म्हणे, राहत्याला नाही. आता तुम्हीच सांगा, इथलं भाडं आणि तिथली पट्टी, दोन्ही कसं झेपायचं? तुम्ही तिथं गेलात की इथलं भाडं वाचेल, त्यात पट्टी भागेल, ते मला कळतं. पण वर्ष सरायला अजून फाल्गुन उजाडायचाय." काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एक सुताचा व्यापारी घर भाड्यानं मागतोय. लांबच्या मुदतीचा करार करतो म्हणतो."

आई उठून गच्चीत गेली आणि तुळशीच्या डब्याजवळ उभी राहिली. डब्याच्या बुडाला गंज चढून भोक पडलं होतं. पाणी घातलं की तिथून गळायचं. गोदावरीनं आईची पाठ पाहिली. या पाठीला कधी स्वतःच्या भिंतीला टेकायला मिळालं नव्हतं. व्यापाऱ्याचं बिऱ्हाड एकदा आत शिरलं की ते कधी निघणार... आणि तोवर आई असणार का?

"काका, हरकत घेता येते ना?" तिनं विचारलं.

"येते. अर्ज करावा लागतो. पण पोरी—"

"मी लिहिते."

तिनं अण्णांच्या दौतीनं अर्ज लिहिला. घर बांधलं, पण घरधनी वारले. वर्षाच्या आत गृहप्रवेश करता येत नाही. घरात चूल पेटली नाही की अंथरूण पडलं नाही. साधंच, जसं होतं तसं. दुसऱ्या दिवशी ती काकांबरोबर घरपट्टीच्या कचेरीत गेली. अंधारी लांब खोली, फडताळात बांधलेली दफ्तरं, शाईचा नि जुन्या कागदांचा वास. पलीकडच्या मेजावर वाकून लिहीत बसलेल्या कारकुनानं हात पुढं केला. मान वर केली...

कमलाकर.

त्याच्या हातातला टाक तसाच राहिला. काका म्हणत होते, "तुम्हीच ना त्या बाजूची पाहणी केलेली? सही तुमचीच दिसतेय." आणि तो म्हणत होता, "होय. माझीच."

त्या संध्याकाळी फाटकाची कडी वाजली तेव्हा गोदावरीनं वळूनही पाहिलं नाही. ओंजळीच्या आडोशानं काड्या ओढत राहिली.

"मी धरू का..."

"नको. तुमच्या छत्रीची फार मदत झाली. पट्टी बसायला दिवा नीट पेटलेला हवा होता ना!"

"असं नका बोलू," तो हळूच म्हणाला. "पाहणी ज्येष्ठात झाली. तेव्हा मी तुम्हाला ओळखतही नव्हतो. नव्या घरांची यादी घेऊन फिरत होतो. या रस्त्याला आलो तोवर सांज झाली, आणि देवळीत दिवा दिसला. मी 'राहतं' लिहिलं आणि पुढं गेलो."

"दिवा दिसला. लावणारी दिसली नाही?"

"त्या दिवशी नुसता दिवाच दिसला." तो थांबला. "लावणारी मग दिसली."

वारा क्षणभर पडला होता. काशम्माचा रहाटही थांबला होता.

"आणि शेजारी विचारायचं तरी होतं."

"विचारलं की! या काशम्मांनाच विचारलं, इथं दिवा रोज लागतो का?"

"मग? लागतोच की!" काशम्मा उसळून म्हणाली. "मी काय खोटं सांगू?"

या एवढ्या दुःखातही गोदावरीला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं. कमलाकर गोंधळून छत्रीची दांडी फिरवत राहिला. मग म्हणाला, "आमच्या घरी आई गेल्यावर दिवेलागणीला दिवा लागायचाच नाही. वडील अंधारात बसायचे, मीपण. माणसं असूनही ते घर राहतं वाटायचं नाही. म्हणून दिवा दिसला की मी... दुसरं काही बघायचं मला सुचलंच नाही. चूक माझी आहे. सुनावणीत मी तसं सांगेन."

"नुसती चूक झाली म्हणून भागेल? घरात कुणी राहत नाही हे तुम्हाला कशावरून ठाऊक, असं विचारतील."

"विचारतील."

"मग काय सांगणार?"

त्यानं छत्री उघडून वाऱ्याला आडवी धरली. गोदावरीनं काडी ओढली. दोघांनी मिळून दिवा लावायच्या संध्याकाळी आता मोजक्याच उरल्या होत्या, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

सुनावणी भाद्रपदात झाली. बाहेर मळभ होतं, आणि साहेबांच्या खोलीत दिवसाउजेडी कंदील लावला होता. बाकावर आपापल्या हरकती घेऊन बसलेली माणसं, दाराशी शिपाई. गोदावरी काकांच्या मागं उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

साहेबांनी अर्ज वाचला. वयस्क गृहस्थ, तपकिरीचे शौकीन. "बाई, घर रिकामं म्हणता, आणि आमच्या माणसाला तिथं दिवा दिसला. रिकाम्या घरात दिवा कशाला लावेल कुणी?"

"वडिलांनी सांगितलं होतं," गोदावरी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"हं... श्रद्धेची गोष्ट आहे, मान्य. पण पुरावा लागतो. दिवा लावून तुम्ही रात्री तिथंच राहत नव्हता, हे कोण सांगणार?"

"मी सांगतो, साहेब."

कमलाकर मेजाजवळ येऊन उभा राहिला होता. "मी लिहिलेलं चुकलं. त्या घरात कुणी राहत नाही. या बाई दिवा लावतात आणि उजेड असेतोवर परत जातात."

"तुम्ही पाहणीला कितीदा गेलात?"

"पाहणीला एकदाच."

"मग हे कशावरून?"

गोदावरीनं काकांच्या उपरण्याचं टोक धरलं. मनात म्हणत होती, नको... नका सांगू... आणि त्याच वेळी, डब्याशी उभी असलेली आईची पाठही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"मी रोज संध्याकाळी तिथं असतो," कमलाकर म्हणाला.

कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसलं. साहेबांची तपकिरीची चिमूट वाटेतच थांबली. "तुमची खोली त्या बाजूला आहे?"

"नाही, साहेब. बाळीवेशीत आहे."

बाळीवेस! गोदावरीनं डोळे मिटले. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. 'खोली पुढंच आहे... जाताना वाट हीच...' आणि इतके दिवस तो तिचा दिवा लागला की सबंध गाव ओलांडून मागं जात होता.

"मग रोज तिकडं कशाला जाता?"

"दिवा लागलेला बघायला," तो म्हणाला. आवाज जराही चढला नव्हता. "लागला की परत येतो."

आता हसणं उघडच फुटलं. साहेबांनी मेजावर हात आपटला. "देवाला स्मरून सांगा. या कुटुंबाशी तुमचं नातं, देणंघेणं, कसला संबंध?"

कमलाकरनं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. "देवाला स्मरून सांगतो. नाही."

साहेबांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. आपलीच चूक भर कचेरीत कबूल करणारा आणि वर हसं करून घेणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी शेरा लिहिला. गृहप्रवेश होईपर्यंत घर रिकामं धरावं, पट्टी माफ. दिव्याला हरकत नाही.

अण्णांचं घर राहिलं. काकांनी बाहेर येऊन सुस्कारा टाकला, पण गोदावरीशी एक शब्दही बोलले नाहीत.

संध्याकाळी ती दिवा लावायला गेली. कडी वाजली नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर तो उभा होता, छत्री मिटलेली.

"आज आत येत नाही," तो म्हणाला.

"बाळीवेस फार लांब पडत असेल."

तो हसला, पण ते हसू डोळ्यांत पोचलं नाही. "उद्यापासून बाळीवेसही नाही. मला जकात नाक्यावर घातलंय. अक्कलकोटच्या रस्त्यावर, माळापलीकडे. तिथंच खोली आहे. साहेब म्हणाले, तुम्हाला संध्याकाळचं फिरणं आवडतं, तिथं भरपूर माळ आहे."

"माझ्यामुळं..."

"तुमच्यामुळं नाही. मी लिहिलं, मीच पुसलं."

काशम्मा रहाट उचलून घेऊन आत गेली. जाताना दार मात्र उघडंच ठेवलं.

"एक विचारू?" गोदावरी म्हणाली. तिची नजर पणतीवर होती. ओंजळीत ज्योत फडफडत होती. "सकाळी तुम्ही 'नाही' म्हणालात... ते खरं होतं?"

"नातं नव्हतं. देणंघेणं नव्हतं. इतक्या दिवसांत तुम्ही मला भांडणाशिवाय दुसरं काही दिलं नाहीत." मग त्याचा आवाज खाली आला. "देवाला स्मरून म्हटलंय. आता ते खरं ठेवायला हवं. उद्या मी तुमच्या घरी सोयरीक घेऊन आलो, तर लोक म्हणतील साक्ष जावयाची होती. निकाल फिरेल. पट्टी परत बसेल, तुम्ही सांगितलेला तो सूतवाला राहायला येईल, आणि तुमच्या आईची तुळस..."

"डब्यातच राहील."

"होय."

'सोयरीक' हा शब्द दोघांच्या मध्ये तसाच राहिला. कुणी तो उचलला नाही, कुणी झटकलाही नाही. माळावरून वारा आला. गोदावरीनं ओंजळ आणखी मिटली. ज्योतीचा चटका बसला तरी हात मागं घेतला नाही.

"घरात कुणी गेलं," ती हळूच म्हणाली, "की बाकी सगळं थांबतं, मुलीचं लग्न तेवढं वर्षाच्या आत करतात. नाही झालं तर... तीन वर्षं थांबावं लागतं."

"आमच्यातही तेच आहे."

"तीन वर्षांनी निकाल कोण फिरवणार?"

"कुणी नाही. तोवर पुढची आकारणीही होऊन जाईल. घर तेव्हा खरंच राहतं असेल."

"मग मी वर्षाच्या आत करणार नाही."

एवढंच बोलली ती. पण असं काही आपण बोलू शकतो, हेच तिला नवं होतं. तिचे कान तापले. कमलाकरनं टोपी काढली, परत घातली.

"नाक्यावरून हे माळवद दिसतं," तो म्हणाला. "आज दुपारी जाऊन बघून आलो. देवळी दिसत नाही, मध्ये कडूलिंब येतो. पण दिवा माळवदावर ठेवला तर... दिसेल."

"वर तर वारा आणखी. क्षणभर टिकणार नाही."

त्यानं छत्री फाटकाच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून ठेवली.

"हे काय? देणंघेणं नाही म्हणालात ना!"

"देत कुठं आहे? विसरून जातोय. विसरलेल्या वस्तूला कुणी संबंध म्हणत नाही." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "तीन वर्षांनी आठवण झाली की न्यायला येईन. तोवर... ठेवाल दिवा?"

"ठेवीन," गोदावरी म्हणाली. "रोज."

तो वळला आणि माळाच्या दिशेनं चालू लागला. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांनाही अवघड गेलं असतं. गोदावरीनं छत्री काखेत घेतली. काशम्मा तिला घरापर्यंत सोडायला आली, आणि त्या दिवशी आईपाशी बराच वेळ बसून गेली. दोघींचं काय बोलणं झालं, ते गोदावरीला कळलं नाही. ती तुळशीपाशी बसून होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी काका आले ते तणतणतच.

"वहिनी, गावभर झालंय. नळावर बायका काय म्हणतात, ठाऊक आहे? 'दिवाच लावायला जायची हो, दुसरं काही नाही!' आणि पदर तोंडाला लावून हसतात. आजपासून हिचं तिकडं जाणं बंद. अकलूजचं एक स्थळ आलंय. बिजवर आहे, पण खाऊनपिऊन सुखी. फाल्गुनाच्या आत उरकून टाकू." त्यांची नजर कोपऱ्यात गेली. "ही छत्री कुणाची?"

आई ताटात कापूस घेऊन वाती वळत होती. तिचा हात थांबला नाही.

"भावजी," ती म्हणाली. अण्णा गेल्यापासून तिनं एवढ्या ठामपणानं काही म्हटलं नव्हतं. "गोदूचं वर्षाच्या आत करायचं नाही."

"मग तीन वर्षं घरात बसवणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणायचं ते म्हणून चुकलेच की. तिच्या वडिलांनी घर दिलंय, त्यात बसेल."

काकांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि ते जिना उतरून गेले. खालच्या दाराचा आवाज झाला.

बाहेर आभाळ काळवंडत होतं. आजही बरसणार नव्हतं, नुसतंच दाटून येणार होतं. मिलचा भोंगा झाला. अण्णांचा आवाज आला... आणि त्याच्यामागोमाग दुसराही एक. *ठेवाल?*

गोदावरी उठायला धजेना. आईनं तेलाची बुधली भरून उंबऱ्याशी ठेवली. काडेपेटी ठेवली. मग ताटातली एक वात उचलून तिच्या तळहातावर दिली. करंगळीएवढी जाड होती.

"देवळीतली बारीक चालायची," आई खाली पाहत म्हणाली. "माळवदावर वारा असतो."

गोदावरी आईच्या पाया पडली. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तोंड फिरवून तुळशीला पाणी घालायला गेली.

नळावर कळश्या लागल्या होत्या. गोदावरी जिना उतरून आली, तशी बोलणी थांबली. एकीनं दुसरीला कोपर मारलं.

"काय ग गोदे, पावसाचा थेंब नाही, आणि छत्री कशाला ती?"

"वारा आहे," गोदावरी म्हणाली. तिनं छत्री काखेत नीट धरली, वात पदराच्या टोकाला बांधली, आणि रस्त्याला लागली.